पोच : परदेशी पार्सलावरच्या एका सहीचा प्रवास

मराठीत ‘पोच’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. वस्तू मिळाल्याची कबुली म्हणजे पोच, आणि कुठे कसे वागावे याचे भान म्हणजेही पोच. टपालखात्याने त्यातला पहिला अर्थ उचलला, त्याची पोचपावती केली आणि ‘रजिस्टर एडी’ या नावाने ती घरोघरी नेली. ज्या घरात कोर्टकज्जे चालू असत तिथे तर हे नाव लहान मुलांनाही पाठ असे. एडी म्हणजे ‘अ‍ॅक्नॉलेजमेंट ड्यू’, पोच येणे बाकी.

परदेशातून आलेल्या पार्सलावर पोस्टमन आपली सही घेतो तेव्हा हीच बाकी फिटत असते. पण ती कुणाची? बहुतेकांना वाटते, पोस्टमनला आपल्या साहेबाला दाखवायला काहीतरी हवे असते. टपालाचे आंतरराष्ट्रीय नियम वाचायला लागल्यापासून मला याच प्रश्नाने धरून ठेवले आहे. नियम सांगतात की ती सही पोस्टमनसाठी नसते, आपल्यासाठी तर नसतेच. ती हजारो मैलांवर बसलेल्या, दारात येऊन खात्री करून घेऊ न शकणाऱ्या पाठवणाऱ्यासाठी असते.

याचे मूळ एका तत्त्वात आहे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात २२ देशांनी टपालाचा करार केला. त्याआधी प्रत्येक देशाला दुसऱ्या प्रत्येक देशाशी वेगळा तह करावा लागे आणि दर, वजने, हिशेब सगळेच निराळे असे. बर्नच्या कराराने सदस्य देशांचा मिळून टपालापुरता एकच प्रदेश मानला. भारत १८७६ मध्ये त्यात आला. १८७८ पासून या संघटनेला जागतिक टपाल संघ म्हणतात, आणि ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन म्हणून पाळला जातो. या संघाच्या करारातले एक कलम आजही कायम आहे : टपालात टाकलेली वस्तू योग्य माणसाच्या हाती पडेपर्यंत पाठवणाऱ्याच्याच मालकीची असते.

या कलमाचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. शिकागोतल्या मुलाने नाशिकच्या आईला पाठवलेले पार्सल समुद्र ओलांडून आले, मुंबईत उतरले, नाशिकच्या पोस्टात पोचले, तरी ते मुलाचेच असते. दारात सही झाली की त्या क्षणी ते आईचे होते. मालकी बदलण्याचा सोहळा असा उंबरठ्यावर, अर्ध्या मिनिटात उरकतो.

ही झाली शेवटची सही. तिच्याआधी बऱ्याच सह्या झालेल्या असतात, आणि त्या आपल्याला दिसत नाहीत.

सुरुवात क्रमांकापासून होते. परदेशी नोंदणीकृत वस्तूवर तेरा खुणांचा क्रमांक असतो : आधी दोन अक्षरे, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरे. पहिल्या अक्षरावरून प्रकार कळतो. ‘आर’ म्हणजे नोंदणीकृत, ‘व्ही’ म्हणजे विमा उतरवलेले, ‘सी’ म्हणजे पार्सल आणि ‘ई’ म्हणजे जलद सेवा. शेवटी ‘आयएन’ असेल तर वस्तू भारतातून निघाली आहे. आकड्यांपैकी नववा आकडा राखणदाराचा. पहिल्या आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणायचे, बेरीज करायची, तिला ११ने भागायचे आणि उरलेली बाकी ११मधून वजा करायची. उदाहरणार्थ १२३४५६७८ ही संख्या घ्या. बेरीज २०४ येते, बाकी ६ उरते, म्हणून नववा आकडा ५. (उत्तर १० आले तर ० लिहितात, ११ आले तर ५.) आता कारकुनाने घाईत ५ आणि ६ यांची अदलाबदल केली तर बेरीज २०२ होते, नववा आकडा ७ यायला हवा, आणि यंत्र तिथेच अडते. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या दोन देशांतल्या कर्मचाऱ्यांना एकमेकांची चूक पकडता यावी, यासाठी ही सोय.

मग येते अदलाबदलीचे कार्यालय. प्रत्येक देशात परदेशी टपाल देण्याघेण्याची ठरलेली ठिकाणे असतात. नोंदणीकृत वस्तू इतर टपालात मोकळ्या टाकत नाहीत. त्या वेगळ्या बांधून सीलबंद होतात, सोबत क्रमांकवार यादी जाते आणि ज्या थैलीत त्या आहेत तिला लाल रंगाचे लेबल लागते. लाल लेबल पाहिले की हाताळणाऱ्याला कळते, इथे मोजून घ्यायचे आहे.

पलीकडच्या देशात थैली उघडताना आधी सील पाहतात, मग वजन, मग यादीशी एकेक क्रमांक ताडतात. यादीत अकरा आणि थैलीत दहा निघाल्या, किंवा एखादे खोके फाटलेले दिसले, तर लगेच पडताळणीपत्र लिहून पाठवणाऱ्या देशाला कळवायचे असते. नियमाची खरी धार इथे आहे. वेळेवर पडताळणीपत्र गेले नाही, तर सगळे नीट मिळाले असे धरले जाते. पुढे वस्तू हरवली तर जबाबदारी कुणाची? ज्याने ती काही न बोलता घेतली, आणि ती पुढे दिली किंवा पोचवली हे ज्याला दाखवता येत नाही, त्याची. म्हणजे टपालात गप्प बसणे हीदेखील सहीच. सॉर्टिंगच्या टेबलावर रात्रपाळीला उभा असलेला माणूस एका खोक्याकडे दोनदा का पाहतो, हे या नियमावरून कळते. त्याने न पाहता घेतले तर आधीच्या सगळ्यांची चूक त्याच्या नावावर चढते.

भारतात आलेल्या पार्सलाला आणखी एक दार लागते, कस्टम्सचे. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेश डाक भवनात परदेशी टपालाचे हे काम अनेक वर्षे चालत आले आहे. तपासणी कस्टम्सचा अधिकारी करतो, पण खोके उघडणे, पुन्हा बांधणे आणि सील करणे हे टपाल कर्मचाऱ्याचे काम. ताबा टपालाचा आणि अधिकार कस्टम्सचा, अशी ही विभागणी. शुल्क लागले तर ते बहुधा पोस्टमनच दारात वसूल करतो, आणि ग्राहकाचा राग त्यालाच ऐकावा लागतो. डिसेंबर २०१९पासून टपालाने किंवा कुरिअरने आलेली भेटवस्तू शुल्काशिवाय सोडवून घेण्याची सवलत बंद झाली. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीसोबत आलेली भेट मात्र अपवादात बसत नाही. बहिणीचा धागा मोकळा आणि त्याबरोबरच्या वस्तूवर शुल्क, हे भावाला समजावून सांगायची पाळी शेवटी पोस्टमनवर येते.

संकेतस्थळावर आपण वस्तूचा माग काढतो तेव्हा हीच साखळी वाचत असतो. जगभरच्या टपालखात्यांनी प्रत्येक टप्प्याला तीन अक्षरांची खूण ठरवली आहे. ‘ईएमए’ म्हणजे वस्तू टपालात टाकली, ‘ईएमसी’ म्हणजे देशाबाहेर निघाली, ‘ईएमडी’ म्हणजे दुसऱ्या देशात उतरली, ‘ईएमई’ म्हणजे कस्टम्सने थांबवली, ‘ईएमएच’ म्हणजे दारापर्यंत नेली पण देता आली नाही, आणि ‘ईएमआय’ म्हणजे पोचली. कर्जाच्या हप्त्याशी नाव जुळणारी ही शेवटची खूण उमटली की टपालखात्याचे देणे फिटते.

आता दाराशी येऊ. सही कुणी करायची, यावरून आपल्याकडे दोन पद्धती होत्या. नोंदणीकृत टपाल नावाच्या माणसाला किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्याला द्यायचे. स्पीड पोस्ट पत्त्यावर द्यायचे, म्हणजे घरातले कुणीही घेऊ शकते. २०२५ मध्ये देशांतर्गत नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, तरी हा फरक उरला आहे. नावाच्याच माणसाला द्यायचे असेल तर नोंदणीची जादा सेवा घ्यावी लागते. माणूस घरी नसेल तर पोस्टमन सूचना ठेवतो आणि वस्तू ठरावीक दिवस पोस्टात थांबते. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा साक्षीदारासमोर घेतात. घ्यायला नकार दिला तर तसा शेरा मारून वस्तू परत जाते.

नियमावर हे सोपे दिसते, प्रत्यक्षात अवघड असते. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर पार्सल घेऊन गेलेल्या पोस्टमनला शेजारच्या काकू म्हणतात, “द्या इकडे, मी देते त्यांना.” ओळख असते, विश्वास असतो, आणि बीट अजून अर्धी बाकी असते. पण त्याने ते दिले आणि पुढे तक्रार आली, तर काकूंची सही त्याला वाचवत नाही. आपल्याला जो हट्ट वाटतो तो बहुतेक वेळा त्याच्या नोकरीचा प्रश्न असतो.

आपल्या बाजूनेही या सहीला किंमत आहे. वस्तू नियमाप्रमाणे पोचती केली की टपालखात्याचे दायित्व संपते. खोके फाटलेले, ओले किंवा हलके लागत असेल तर ते बोलण्याची वेळ सहीच्या आधीची. आक्षेप नोंदवून घेतलेल्या वस्तूचे दायित्व खात्यावर राहते. सही करून दार लावले आणि मग खोके उघडले, तर भांडण फार अवघड होते. वस्तू मिळालीच नाही तर चौकशी टपालात टाकल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते. भरपाईचा पहिला हक्क पाठवणाऱ्याचा, त्याने तो सोडला तरच घेणाऱ्याचा. म्हणून नाशिकच्या आईने पोस्टात कितीही खेपा घातल्या तरी शिकागोच्या मुलाने आपल्या पोस्टात अर्ज दिल्याशिवाय गाडे पुढे सरकणे कठीण. पावती जपून ठेवायची असते ती पाठवणाऱ्याने.

२०२०च्या साथीत अनेक देशांनी सही घेणे थांबवले. एकच पेन शंभर हातांतून फिरवणे धोक्याचे झाले होते. अमेरिकेत टपालवाहक लांबूनच नाव विचारून स्वतः लिहून घेऊ लागले. साथ ओसरली, पण सहीचे जुने वजन पुरते परत आले नाही. आता काचेवर बोटाने ओढलेली रेघ असते, नाहीतर फोनवर आलेले आकडे. रेघ कुणाचीच वाटत नाही. आकडे फोन कुठे होता ते सांगतात, फोन कुणाच्या हातात होता ते सांगत नाहीत.

मी याबद्दल हळहळत नाही. जुन्या सह्याही खोट्या होत, आणि कागदी पोच समुद्रापार परतायला कित्येक आठवडे लागत. पण एक गोष्ट निसटते आहे असे मला वाटते. टपालाच्या आंतरराष्ट्रीय व्यवहाराची भाषा फ्रेंच, आणि पोच मागणाऱ्या वस्तूवर ‘ए. आर.’ ही तिची आद्याक्षरे लिहीत. ती पोच म्हणजे परत येणारे खरे कार्ड असे. पाठवणाऱ्याला त्यावर आईचे थरथरते अक्षर दिसे. वस्तू पोचली हे त्याला कळेच, शिवाय आईचा हात कसा चालतो हेही कळे. स्क्रीनवरची ‘ईएमआय’ ही खूण खात्याच्या हिशेबाला पुरेशी आहे. ती मुलाला पुरत नाही, आणि ते टपालखात्याचे कामही नाही. तेवढी पोच आता आईने फोन करून वेगळी द्यावी लागते.