रोप विष कसे सोसते

पाणी नासले तर माणूस दुसऱ्या विहिरीवर जातो. वाईट पाला दिसला तर गाय हुंगून बाजूला होते. रोपाला पाय नाहीत. बी जिथे रुजले तिथेच त्याला जन्म काढायचा. मुळाशी जे येईल ते सोसायचे.

मातीत धातू असतात. जस्त, तांबे, लोखंड हे रोपाला हवेच असतात. पण किती? डाळीला हिंग लागतो तितके. शिसे आणि कॅडमियम मात्र त्याच्या काही कामाचे नाहीत. कॅडमियम हा मऊ, पांढरा धातू आहे. तो जस्ताच्या खाणीत जस्ताबरोबरच निघतो. गुणाने तो जस्ताचा भाऊच. म्हणून रोप फसते. मुळाने जस्तासाठी जे दार ठेवले, त्यातूनच कॅडमियमही आत शिरते.

मग रोप काय करते? पहिला अडसर मुळापाशीच असतो. पुष्कळसा धातू मुळाच्या भिंतींना चिकटून राहतो. शिसे बहुतेक इथेच अडकते, वर फारसे चढत नाही. जे आत शिरते, त्याला रोप बांधून टाकते. मारक्या बैलाला आपण दावे लावतो ना, तसेच. रोपाच्या अंगात गंधक असते. त्या गंधकाच्या जोरावर ते अगदी बारीक दावी तयार करते आणि धातूला अडकवते. रोपाचे अंग लहान लहान खोल्यांचे बनलेले असते. त्यांना पेशी म्हणतात. पेशीच्या आत एक अडगळीची जागा असते. बांधलेला धातू रोप तिथे कोंडून ठेवते.

कोंडले म्हणजे गेले नव्हे, बरे का! विष रोपाच्या अंगातच असते. फार झाले तर मुळे खुरटतात, पाने पिवळी पडतात. पण तोवर पीक हिरवेगार दिसते. आणि ते आपण खातो.

जपानात असेच झाले. तिथे तोयामा भागात जिंझू नावाची नदी आहे. नदीच्या वरच्या अंगाला, कामिओका गावी, जस्ताची आणि शिशाची खाण होती. खाणीची घाण नदीत जाई. नदीचे पाणी भातखाचरांत येई. भात पिके, लोक खात. वर्षे गेली आणि बायकांची हाडे दुखू लागली. त्यातही चार-पाच बाळंतपणे झालेल्या, वय झालेल्या बायकांची जास्त. हाडे इतकी ठिसूळ झाली, की नुसत्या खोकल्याने बरगडी मोडे. बाया 'इताई, इताई' म्हणून कण्हत. म्हणजे 'दुखतंय गं, दुखतंय'. आजाराला तेच नाव पडले. तिथले डॉक्टर हागिनो यांनी खाणीकडे बोट दाखवले, तेव्हा त्यांचे लवकर कोणी ऐकले नाही. १९६८ साली सरकारने मान्य केले, की हे कॅडमियमचेच काम. मग खराब मातीवर चांगली माती घालून खाचरे सुधारायची ठरली. ते काम १९७९ साली सुरू झाले आणि २०१२ साली संपले. तेहेतीस वर्षे! घाण सोडायला काही लागत नाही, काढायला एक पिढी जाते.

भाताचे आणखी एक आहे. खाचरात पाणी साचलेले असले, की कॅडमियम मातीत धरून राहते. खाचर सुकले, की ते मोकळे होते. म्हणून जपानी शेतकरी लोंबी येण्याच्या सुमाराला खाचरात पाणी राखतात. सोमलाचे मात्र नेमके उलटे. पाणी साचले, की सोमल सुटतो आणि भातात जातो. बंगालमध्ये जमिनीखालच्या पाण्यात सोमल आहे. तिथे नळविहिरीच्या पाण्यावर पिकवलेल्या भातात तो सापडतो. म्हणजे एकच उपाय सगळीकडे चालत नाही.

सोमल आवडीने ओढणारी वनस्पतीही आहे. ती नेच्याच्या जातीची. आपल्याकडे जुन्या भिंतींच्या फटींतून उगवते. २००१ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की ती मातीतला सोमल ओढून पानांत साठवते. अशा वनस्पती लावून माती साफ करता येते. पण वेळ फार लागतो, आणि कापलेला पाला गुरांपुढे टाकायचा नसतो.

आता आपल्या शेताचे पाहू. देशावरच्या काळ्या मातीत बहुधा चुनखडी असते. ती धातूला धरून ठेवते. कोकणातली जांभी माती आंबट. तिच्यातून धातू लवकर सुटतो. तिथे चुना घातला तर कॅडमियम रोपात कमी जाते. पालक, लेट्यूस अशा पालेभाज्या कॅडमियम जास्त ओढतात, म्हणून कारखान्याच्या सांडपाण्यावर त्या लावू नयेत. आम्हाला कोणी म्हणते, "आम्ही भाजी तीनदा धुतो." धुतल्याने पानावरची धूळ जाते, आणि ती धुवावीच. जुन्या बॅटऱ्या फोडतात तिथल्या धुळीत तर शिसे असते. पण पानाच्या आत कोंडलेले धुऊन जात नाही. शिजवूनही जळत नाही.

डोळ्यांना हे दिसत नाही. माती तपासूनच कळते. त्यातही एक गोम आहे. मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह, तांबे असे लिहून येते. शिसे आणि कॅडमियम त्यात नसतात. मातीचा नमुना देताना "हे दोन धातूही बघा" असे वेगळे सांगावे लागते.