अबोल लेखकाची पाळी आणि त्याची सुटी



लेखकाने आपली शक्ती कशी राखावी, हा विषय कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाकडे कसा आला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. माणूस किती वेळ काम करू शकतो, तो कधी थकतो, आणि थकल्यावर त्याच्या हातून काय होते, या तीन प्रश्नांचा विचार आमच्या चळवळीला शंभराहून अधिक वर्षे करावा लागला आहे. लेखन हेही कामच आहे. तेव्हा गिरणीत आणि कारखान्यात जे नियम लढून मिळवावे लागले, ते लेखकाच्या टेबलापर्यंत नेता येतील काय, एवढेच आज पाहावयाचे आहे.

मी बोलणार आहे तो लेखक दिवसा नोकरी करतो, स्वभावाने अबोल आहे आणि दोनचार पुस्तके निघाल्यावर त्याला सभासमारंभांची बोलावणी येऊ लागली आहेत. कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली या पट्ट्यात असे लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांतले कित्येक ऐन भरात असताना लिहावयाचे थांबतात. लोक म्हणतात, त्यांची प्रतिभा आटली. मला वाटते, प्रतिभेला उगाच दोष दिला जातो. आटलेली असते ती शक्ती, आणि ती का आटली याचा हिशेब कोणी मांडलेला नसतो.

प्रथम 'अबोल' या शब्दाविषयी. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1921 साली मनुष्यस्वभावाच्या प्रकारांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अंतर्मुख व बहिर्मुख ही जोडी त्यानंतर सर्वत्र रूढ झाली. अंतर्मुख म्हणजे लाजाळू नव्हे. लाजाळू माणसाला चारचौघांची भीती वाटते. अंतर्मुखाला भीती वाटतेच असे नाही. तो सभेत उत्तम बोलेल, पाहुण्यांचे हसतमुखाने स्वागत करील. परंतु ते सारे झाल्यावर त्याला शीण येतो आणि एकान्तात बसल्याखेरीज तो उतरत नाही. दुसऱ्या एखाद्याला त्याच सभेने हुरूप येतो. हा प्रकृतीचा भेद आहे. त्यात कमीपणा नाही आणि मोठेपणाही नाही.

आता दुसरा शब्द. इंग्रजीत ज्याला 'बर्नआउट' म्हणतात त्याला आपण करपून जाणे म्हणू. दिव्यातले तेल संपले म्हणजे वातच जळू लागते, तशी ही अवस्था आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 साली तिच्यावर निबंध लिहिला. त्यांच्या डोळ्यांपुढे होते मोफत दवाखान्यांत सेवाभावाने राबणारे कार्यकर्ते. म्हणजे आळशी माणसे करपत नाहीत. ज्यांची कामावर निष्ठा असते, ज्यांना 'नाही' म्हणणे जड जाते, ती आधी करपतात. पुढे 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात हिची नोंद केली. ही नोंद रोग म्हणून केलेली नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेल्या आणि आटोक्यात न आणलेल्या ताणातून येणारी अवस्था, अशी आहे. तिची लक्षणे तीन. शक्ती संपल्यासारखे वाटते. आपल्याच कामाविषयी दुरावा आणि कडवटपणा येतो. आणि काम हातून नीट उतरेनासे होते. लेखकाच्या बाबतीत बोलायचे तर, कागद पुढे घेववत नाही, आपले व इतरांचे लेखन फोल वाटू लागते, आणि जे लिहिले जाते त्यात जीव नसतो. यापलीकडे झोप उडाली, खिन्नता आठवडेच्या आठवडे हटेना, तर तेथे व्याख्यान कामाचे नाही. सरळ डॉक्टरांकडे जावे.

आता हिशेब मांडू. कोपर हे दिवा आणि डोंबिवली यांच्यामधले स्टेशन. येथे जलद गाड्या थांबत नाहीत. मुंबईत नोकरी असलेला माणूस धिम्या गाडीने जातो. स्टेशनापर्यंतची पायपीट धरून जाण्यायेण्यात रोजचे तीन तास सहज मोडतात. सहा दिवसांचे झाले अठरा. आठ तासांची एक पाळी धरली, तर आठवड्याला दोन पाळ्यांहून अधिक वेळ नुसत्या प्रवासात जातो आणि त्याची हजेरी कोठेच लागत नाही. हा वेळही गर्दीत, अंगाला अंग लावून उभे राहण्यात जातो. अबोल माणसाला ती विश्रांती नसते. त्यानंतर कचेरीतली माणसे, संध्याकाळी शेजारीपाजारी, रात्री व्हॉट्सॲपवरच्या साहित्य मंडळांतल्या चर्चा. मग साडेदहाला वही उघडावयाची. लिहिणारी बाई असली तर तिच्या वाट्याला स्वयंपाक, मुलांचे अभ्यास आणि म्हाताऱ्यांची औषधे ही आणखी एक पाळी येते, आणि तिची वही साडेअकराला उघडते. अशा वेळी शब्द सुचला नाही तर दोष शब्दाचा की पाळीचा?

येथे मला नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण होते. ते 1848 साली आपल्या ठाण्यातच जन्मले. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ते 'दीनबंधु' पत्राचे संपादकही होते, म्हणजे लेखणी चालवणाऱ्यांपैकीच होते. त्यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची पूर्ण सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या दोन होत्या. रविवारची सुटी मिळाली 10 जून 1890 रोजी. सहा वर्षे लागली. आज आपण रविवारी आरामात चहा घेतो, तो रविवार असा मिळवलेला आहे.

याच्यातून लेखकाने काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की, विश्रांती ही काम संपल्यावर उरलेल्या वेळात घ्यावयाची वस्तू नव्हे. काम कधी संपतच नाही. सुटी आधी ठरवावी लागते आणि काम तिच्याभोवती बसवावे लागते. दुसरी गोष्ट 1948 च्या कारखाने कायद्याने शिकवली. त्या कायद्यात असे होते की, किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिल्याशिवाय कामगाराकडून सलग पाच तासांहून अधिक काम घेता येणार नाही. त्यातला शहाणपणा पाहा. माणूस कोसळला म्हणजे त्याला बसू द्या, असे कायदा म्हणाला नाही; कोसळण्यापूर्वीच बसवा, असे म्हणाला. पाळीच्या शेवटी शेवटी हात चुकतो, हे कोणताही जुना कामगार सांगेल. मनाचेही तसेच आहे. थकवा जाणवू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

तेव्हा लेखकाने आपली पाळी ठरवावी, आणि ती लहान ठेवावी. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप हा टपाल खात्यातला नोकरदार. तो पहाटे साडेपाचला टेबलाशी बसे, घड्याळ पुढे ठेवी आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द लिही. दिवसाला तीन तास पुरेत, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. पहाटे उठवून कॉफी देणाऱ्या नोकराला तो वर्षाला पाच पौंड जादा देत असे. तो आगगाडीच्या डब्यातही पेन्सिलीने लिही. 'बार्चेस्टर टॉवर्स' ही त्याची 1857 सालची कादंबरी बरीचशी तशीच लिहिली गेली. आपल्या सकाळच्या गाडीत हात वर करायला जागा नसते, तेथे वही कोठून उघडणार? आणि कॉफी आणून देणारा नोकरही आपल्याकडे नाही. पण तत्त्व घेता येते. रोज पाऊण तास, ठरलेल्या वेळी, आणि वेळ संपली की उठावयाचे. लेखणी भरात असली तरी उठावयाचे, म्हणजे उद्यासाठी काही शिल्लक राहते.

दुसरा नियम माणसांच्या हिशेबाचा. अबोल लेखकाने सभा, भेटीगाठी, सत्कार हे मनोरंजनाच्या खात्यावर न मांडता कामाच्या खात्यावर मांडावेत. सभा दोन तासांची असली तरी तिची किंमत दोन तास नसते. आदल्या दिवसाची धाकधूक आणि दुसऱ्या दिवसाचा शीण तिच्यात धरावा लागतो. म्हणून सभेच्या दुसऱ्या दिवशी दुसरी सभा घेऊ नये. महिन्याला किती बोलावणी घ्यावयाची हा आकडा महिन्याच्या आरंभीच ठरवावा. आकडा ठरलेला असला की नकार देणे सोपे जाते, कारण मग आपण माणसाला नाकारत नाही. जागा भरली आहे, एवढेच सांगतो.

तिसरा नियम जी. ए. कुलकर्णी यांच्याकडून घेण्यासारखा आहे. ते धारवाडला महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत, म्हणजे माणसांपुढे बोलणे हीच त्यांची उपजीविका होती. सभासंमेलनांपासून ते दूर राहिले. 'निळासावळा' 1959 साली आला आणि 'काजळमाया' 1972 साली. या अवधीत त्यांचे पाच कथासंग्रह झाले. त्यांना लोक एकलकोंडे म्हणत. पण त्यांच्या पत्रांचे चार खंड पुढे प्रसिद्ध झाले आहेत, ते पाहावेत. एकलकोंडा माणूस एवढी पत्रे लिहीत नाही. त्यांनी गर्दी टाळली, पण माणसे टाळली नाहीत. भेटीऐवजी पत्र, घोळक्याऐवजी एक मित्र, असा त्यांचा व्यवहार दिसतो. अबोल माणसाने सगळेच संबंध तोडले तर तो कोरडा पडतो. आपल्याला पेलतील असे संबंध त्याने निवडावेत.

हे नियम सर्वांना सारखे लागू नाहीत, हेही सांगितले पाहिजे. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून व पुढे शिक्षक म्हणून नोकरी केली. 1962 साली 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला संग्रह आला. त्यांची कविता कामगारवस्तीच्या गजबजाटातून उठली आणि कामगारांच्या सभांत म्हटली गेली. अशा कवीला एकान्ताचा उपदेश करणे व्यर्थ आहे. ज्याने त्याने आपले तेल कोठून येते ते ओळखावे. पण तेल प्रत्येकाला लागते.

आता शेवटचा आणि महत्त्वाचा मुद्दा. आतापर्यंत जे सांगितले ते लेखकाने स्वतः करावयाचे. पण कामगाराला नुसते 'सांभाळून काम कर' म्हणून भागते काय? फ्रान्झ काफ्का हे नाव आपण कथाकार म्हणून ऐकतो. तो प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत अधिकारी होता. सकाळी आठ ते दुपारी दोन अशी त्याची कचेरी, आणि लेखन रात्री. लाकूड रंधण्याच्या यंत्रांवर कामगारांची बोटे तुटत. काफ्काने संस्थेच्या अहवालात असे दाखवून दिले की, यंत्रातील चौकोनी दांडा काढून गोल दांडा बसवला तर धोका पुष्कळ कमी होतो. म्हणजे त्याने कामगाराला दक्षतेचा उपदेश केला नाही; दांडा बदला, असे मालकाला सांगितले.

लेखकाच्या बाबतीत तो दांडा बदलणे आपल्या हाती आहे. आपण, म्हणजे व्याख्यानमाला, ग्रंथालये, साहित्य मंडळे चालवणारे लोक. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून वक्त्याला ऐकण्याची हौस महाराष्ट्राला आहे, आणि ती चांगली आहे. पण आपण लेखकाला शाल आणि श्रीफळ देतो, आणि त्याचा अख्खा रविवार घेतो. कार्यक्रम सहाचा सांगून सातला सुरू करतो. चार जणांची प्रास्ताविके आटोपेपर्यंत त्याला व्यासपीठावर बसवून ठेवतो. तो 'प्रकृती बरी नाही' म्हणाला तर समजून घेतो. 'मला लिहावयाचे आहे' म्हणाला तर मात्र त्याला शिष्ट म्हणतो! कारखान्यात जादा कामाला जादा दाम मागण्याची रीत आहे. लेखकाच्या जादा कामाला दाम तर नाहीच, उलट त्याने आभार मानावेत अशी अपेक्षा.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. बोलावणे दोन महिने आधी पाठवावे आणि नकाराचे कारण विचारू नये. गाडीभाडे व मानधन न मागता द्यावे. कार्यक्रम वेळेवर सुरू करून वेळेवर संपवावा. वक्त्याला भाषणापूर्वी अर्धा तास एका खोलीत एकटे बसू द्यावे. ज्याला बोलणे जड जाते त्याच्याकडून लेख मागवावा आणि दुसऱ्याने तो वाचावा. आणि घरच्यांनी लिहिणाऱ्याच्या, विशेषतः लिहिणाऱ्या बाईच्या, पाऊण तासाला स्वयंपाकघरातील हाका पोहोचू देऊ नयेत.

लोखंडे यांना एका रविवारासाठी सहा वर्षे झगडावे लागले, कारण समोर गिरणीमालक होते. लेखकाच्या सुटीआड कोणी मालक उभा नाही. उभे आहेत त्याचे चाहते आणि त्याचा स्वतःचा संकोच. चाहत्यांनी आपले काम केले तर संकोच आपोआप कमी होईल, असा मला विश्वास वाटतो. पुढच्या वर्षीच्या व्याख्यात्यांना पत्रे लिहिताना मंडळाने या मागण्यांचा विचार करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.