विश्लेषण : जमिनीखाली कोंडलेला कार्बन डायऑक्साइड निसटला, तर कळते कसे?

कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत न सोडता जमिनीत खोलवर साठवायचा, हा हवामान बदलावरील एक उपाय मानला जातो. पण साठवलेला वायू तिथेच राहतो का? अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात २०२४ मध्ये अशा साठ्यातून गळती उघडकीस आली, तीही साठ्यावर पाळत ठेवण्यासाठी खोदलेल्या विहिरीतून. त्यामुळे ही पाळत नेमकी कशी ठेवली जाते, याची चर्चा सुरू झाली.

डिकेटरमध्ये काय घडले?

डिकेटर शहरात आर्चर डॅनियल्स मिडलँड (एडीएम) ही कंपनी मक्यापासून इथेनॉल बनवते. आंबवण्याच्या प्रक्रियेत निघणारा कार्बन डायऑक्साइड दाबाखाली सुमारे दोन किलोमीटर खोल वालुकाश्माच्या थरात सोडला जातो. तो कुठवर पसरला हे पाहण्यासाठी जवळच निरीक्षण विहिरी आहेत. विहीर म्हणजे अर्थातच पोलादी नळी बसवलेले अरुंद बोअर. त्यांपैकी एका विहिरीची नळी सुमारे दीड किलोमीटर खोलीवर गंजली. कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की पाणी आम्लधर्मी होते आणि पोलाद खाऊ लागते. क्रोमियम मिसळलेले गंजरोधक पोलादही इथे टिकले नाही. कार्बन डायऑक्साइड आणि भूगर्भातील पाणी मिळून सुमारे ८ हजार टन द्रव परवानगी नसलेल्या वरच्या थरात शिरला.

हा थरही पिण्याच्या पाण्याच्या साठ्यापेक्षा कितीतरी खोल होता आणि पाण्याला धोका पोहोचलेला नाही, असे कंपनीने सांगितले. मात्र पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) ऑगस्टमध्ये नियमभंगाची नोटीस बजावली, तरी नागरिकांना बातमी कळली ती सप्टेंबरमध्ये. त्यानंतर कंपनीने वायू सोडणे काही काळ थांबवले. मध्य इलिनॉयमधील लाखो लोक ज्या माहोमेट जलधरावर अवलंबून आहेत, त्याच्या परिसरात असे साठे नकोत, ही मागणी जोर धरू लागली. २०२५ मध्ये राज्याने तसा कायदाही केला.

वायू वर का येऊ पाहतो?

साधारण ८०० मीटरपेक्षा खोल गेल्यावर दाब आणि उष्णतेमुळे कार्बन डायऑक्साइड ना धड वायू राहतो ना द्रव. त्याची घनता वाढते, कमी जागेत जास्त मावतो. तरीही तो सभोवतालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकाच असतो, त्यामुळे वर सरकत राहतो. त्याला अडवते ती वरची अभेद्य खडकाची चादर. या चादरीला पडलेली नैसर्गिक भेग ही एक वाट. दुसरी, आणि प्रत्यक्षात अधिक त्रास देणारी वाट माणसानेच पाडलेली असते, ती म्हणजे विहिरी. अल्जीरियातील इन सालाह प्रकल्पात २००७ मध्ये एका जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीच्या तोंडाशी वायू आढळला. वायूत मुद्दाम मिसळलेल्या खुणेच्या रसायनामुळे तो साठ्यातलाच असल्याचे सिद्ध झाले.

खोलवरचे दिसते कसे?

यात सर्वांत जुना अनुभव नॉर्वेचा. उत्तर समुद्रातील स्लाइपनर क्षेत्रात १९९६ पासून वर्षाला सुमारे १० लाख टनांपर्यंत कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली सोडला गेला. तिथे ठरावीक वर्षांनी जहाजावरून ध्वनिलहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपतात. वायूने भरलेला थर वेगळा प्रतिध्वनी देतो. आधीच्या आणि नंतरच्या चित्रांची तुलना केली की वायूचा पसारा दिसतो. सोनोग्राफीचे जुने-नवे रिपोर्ट शेजारी ठेवावेत, तसेच. मात्र थोडीशी गळती या चित्रात सापडेलच असे नाही.

इन सालाहमध्ये उपग्रहांच्या रडारने वाळवंटाची जमीन वर्षाला सुमारे ५ मिलिमीटरने फुगत असल्याचे दाखवले. खाली दाब वाढतो आहे, याचा तो पुरावा होता. खडकाच्या चादरीबाबत शंका निर्माण झाल्याने २०११ मध्ये वायू सोडणे बंद करण्यात आले. उपग्रहाची ही युक्ती उघड्या वाळवंटात चालते. शेती, झाडी किंवा समुद्र असेल तिथे ती अवघड किंवा निरुपयोगी ठरते.

जमिनीवर वायू सापडला, म्हणजे गळतीच का?

नाही, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. माती स्वतःच श्वास घेते. मुळे आणि सूक्ष्मजीव ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याचे प्रमाण ऋतूनुसार कमी-जास्त होते. कॅनडातील वेबर्न तेलक्षेत्रात कार्बन डायऑक्साइड सोडला जातो. तिथल्या एका शेतकरी कुटुंबाने आपल्या शेतात वायू वर येत असल्याची तक्रार २०११ मध्ये जाहीरपणे मांडली, तेव्हा नुसते प्रमाण मोजून काहीच ठरत नव्हते. शास्त्रज्ञांनी ऑक्सिजन आणि नायट्रोजनशी त्याचे गुणोत्तर तपासले. मातीत तयार झालेल्या वायूच्या बदल्यात ऑक्सिजन घटलेला असतो, बाहेरून घुसलेल्या वायूबाबत तसे नसते. कार्बन-१४ची चाचणीही झाली. वेबर्नचा वायू कोळशापासून येतो, लाखो वर्षे जुन्या कोळशात हा समस्थानिक उरलेला नसतो; शेतातल्या वायूत मात्र तो होता. वायू मातीतलाच, असा निष्कर्ष निघाला. प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच्या नोंदी त्या शेतासाठी असत्या, तर हा वाद लवकर मिटला असता.

पाळत किती वर्षे?

वायू सोडणे थांबल्यावरही अमेरिकेत साधारण ५० वर्षे निरीक्षणाचा नियम आहे, मात्र धोका नसल्याचे सिद्ध केल्यास ही मुदत कमी होऊ शकते. युरोपीय संघात किमान २० वर्षांनी जबाबदारी सरकारकडे जाऊ शकते. त्यापुढे काही घडले, तर खर्च करदात्यांच्या माथी.

महाराष्ट्राशी संबंध काय?

आइसलँडमध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्ट खडकात सोडला, तेव्हा त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांच्या आत खनिज होऊन खडकातच बसल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. खनिज झालेला वायू निसटत नाही, म्हणून दख्खनच्या काळ्या कातळाकडे संशोधकांचे लक्ष आहे. आयआयटी मुंबईत या विषयाचे राष्ट्रीय केंद्रही आहे. पण दख्खनचा हाच कातळ गावोगावच्या विहिरी आणि बोअरना पाणी पुरवतो. इथे कधी वायू सोडायचे ठरलेच, तर त्याआधी या विहिरींच्या पाण्याची आणि आसपासच्या मातीची सर्व ऋतूंतली नोंद करावी लागेल.