सुकं नेमकं कधी सुकतं?

मनोरी, गोराई, मढ, वर्सोवा या पट्ट्यात पावसाळा सरला की किनाऱ्यावर वलांड्या उभ्या राहतात. बांबूंच्या या मांडणीला दोऱ्या बांधायच्या, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. बोंबलाला सहसा मीठ लावत नाहीत. माल तयार झाला की नाही, हे कोळीण हाताने ठरवते. मोडून बघते, वास घेते.

याच पट्ट्यात, वर्सोव्याला, केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. स्थापना १९६१ची, अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९८९चा. मासळी पकडल्यानंतर तिच्यावर होणारी प्रक्रिया आणि तिची साठवण या विषयात तिथे एम.एफ.एस्सी. करता येते. म्हणजे कोळणीच्या बोटांना जे कळतं, त्याच्यावर प्रबंध लिहिण्याची सोय मनोरीपासून दोन तरींच्या अंतरावर आहे: मनोरी ते मार्वे एक, मढ ते वर्सोवा दुसरी. अन्नविज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण म्हणजे नवनवीन पाककृती, असा एक समज आढळतो. या बोंबलापुरतं बघितलं तरी तो दूर होईल.

ताज्या बोंबलात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. १०० किलो बोंबील घेतले तर घन भाग १० किलो. पाणी १५ टक्क्यांवर येईपर्यंत सुकवले तर हाती पावणेबारा किलो माल येतो. २५ टक्क्यांवरच थांबलं तर सव्वातेरा. विक्री वजनावर होत असेल, तर कमी सुकवणाऱ्याला दीड किलो जास्त मिळतो आणि नीट सुकवणारीचं नुकसान होतं. गिऱ्हाइकाला हा फरक पहिल्या दिवशी दिसत नाही, आषाढात दिसतो.

प्रयोगशाळेत पाणी मोजण्याची सोपी रीत म्हणजे नमुना १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन स्थिरावेपर्यंत ठेवायचा आणि घट मोजायची. पण एकूण पाणी किती, यापेक्षा त्यातलं जंतूंच्या कामी येणारं किती, हे महत्त्वाचं. डब्ल्यू. जे. स्कॉट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात हा विचार पक्का केला. त्या मापाला जलक्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्याची १, हाडासारख्या कोरड्या वस्तूची शून्याकडे झुकणारी. बहुतेक जीवाणू ०.९१च्या खाली वाढत नाहीत. विषबाधा करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस ०.८६पर्यंत तग धरतो. बहुतेक बुरश्या ०.८०च्या खाली थांबतात, काही चिवट मात्र ०.६५च्या आसपासही वाढतात. मीठ लावलेल्या मासळीत हे काम थोडंफार मीठ करतं. बिनमिठाच्या बोंबलाला सगळी भिस्त उन्हावर आणि वाऱ्यावर ठेवावी लागते.

मग यंत्रात झटपट का सुकवू नये? फार गरम हवा दिली तर वरचा थर आधी कडक होतो आणि आतलं पाणी अडकतं. बाहेरून मोडून पाहिलं तर कुरकुरीत, आत ओल. वलांडीवर वारा खेळतो, रात्री सुकणं मंदावतं, तेवढ्यात आतलं पाणी बाहेरच्या थराकडे सरकतं. माशा, धूळ, अवकाळी पाऊस हे वलांडीचे दोष खरेच आहेत. पण तिला मागासलेली म्हणून मोडीत काढणाऱ्या अहवालांशी माझं जमत नाही.

खरी अडचण पुढे, डब्यात. सुकी वस्तू भोवतीच्या हवेशी देवघेव करत राहते. जुलैमध्ये मुंबईच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असली आणि पिशवी उघडी राहिली, तर बोंबील पाणी ओढत ०.८५ जलक्रियाशीलतेकडे सरकतो. मार्चमध्ये कितीही चांगला सुकवलेला असो, बुरशीला तेवढं पुरतं. पावसात ऊन पडताच सुकं पुन्हा सुपात पसरण्याची घरोघरची सवय याच कारणासाठी आहे. त्यामुळे संशोधनाचा कस नव्या ड्रायरपेक्षा वेष्टनात लागतो: कोणतं वेष्टन किती बाष्प आत सोडतं, आणि ते वापरल्यावर किलोमागे कोळणीला काय उरतं.

हे काम करायला मनोरीची मुलगी तिथे पोचेल का? या शाखेच्या बहुतेक विषयांना आधी मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी लागते. महाराष्ट्रात ती रत्नागिरी, नागपूर, उदगीर अशा ठिकाणी मिळते, मुंबईच्या नेहमीच्या बी.एस्सी. महाविद्यालयांत नाही. म्हणजे वर्सोव्याला जायची वाट आधी रत्नागिरीवरून जाते, आणि बारावीलाच हे कुणीतरी सांगावं लागतं. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतही अन्न अभियांत्रिकीचा विभाग आहे, पण तिथली दारं वेगळी, परीक्षा वेगळ्या.

शिवाय दोन वर्षांचं गणित. पहिलं वर्ष बहुतांशी तासांत आणि परीक्षांत जातं. बोंबील सुकणार हिवाळ्या-उन्हाळ्यात, त्याची परीक्षा बघणार पावसाळा, आणि प्रबंध द्यायची वेळ साधारण त्याच सुमारास. म्हणून नमुने कपाटात ठेवतात, ३८ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्रतेत, आणि काही आठवड्यांत कित्येक महिन्यांचा अंदाज बांधतात. पद्धत मान्य आहे, उपयोगीही आहे. फक्त त्या कपाटात गोणपाट नसतं, गळकं छप्पर नसतं, आणि दिवसातून चार वेळा डबा उघडणारं कुणी नसतं.