पाटसच्या माळावर फुलं कधी येतात

तुकोबारायांची पालखी वरवंडहून पाटसला येते, सोलापूर रस्ता सोडते आणि रोटी घाट चढते. घाट तसा लहानच, पण त्याच्या खाली कालव्याचं पाणी, ऊस आणि भीमा कारखाना. वर चढलं की थेट बारामतीकडे उघडा माळ. नकाशावर त्याची नोंद बरेचदा पडीक जमीन अशीच.

पण या माळालाही बहर येतो, फक्त त्याची वेळ वेगळी. कॅलिफोर्नियातल्या अँझा-बोरेगो या वाळवंटी उद्यानात फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं पाहायला झुंबड उडते, कारण तिथला मुख्य पाऊस हिवाळ्यात पडतो. आपल्याकडचा पाऊस सह्याद्री आधीच ओरपतो; दौंडच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर येतो, तोही पावसाळ्यातच. म्हणून इथला बहर श्रावण-भाद्रपदातला. मुरमात सराट्याची पिवळी फुलं, गवतात विष्णुक्रांतेचे निळे ठिपके, बांधावर तरवड. दगडांच्या खोबणीत माकडशिंगाची मांसल, चौकोनी कांडी फुलते. पाणी साठवण्याची कला तिलाही येते, पण ती निवडुंगाच्या कुळातली नाही, रुईच्या गोतातली.

चैत्रात आलात तर नेपती शोधा. पानं जवळजवळ नाहीतच, हिरव्या काटेरी फांद्याच अन्न तयार करतात, आणि सगळं रान करपलेलं असताना त्यांवर विटकरी फुलं लगडतात. राजस्थानात हीच केर.

खरा फड्या निवडुंग मात्र अमेरिकेतून आलेला. त्यावर पोसणाऱ्या किड्यापासून लाल रंग मिळेल म्हणून 1795 मध्ये ब्राझीलहून किडे भारतात आणले गेले. ते भलत्याच जातीचे निघाले. रंगाचा धंदा बसला, पण दक्षिणेत त्या किड्यांनी निवडुंगाची एक जात पार खाऊन टाकली. पुढे दख्खनची राने व्यापणाऱ्या दुसऱ्या जातींवर 1926 मध्ये श्रीलंकेहून आणखी एक किडा आणला गेला, यावेळी जाणूनबुजून. आज बांधाबांधाला उरलेली बेटं त्यातूनच वाचलेली.

चौफुल्याहून मोरगावच्या वाटेवर सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य लागतं. 1997 मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य अवघं 5.14 चौरस किलोमीटर. चिंकारा तिथे हमखास दिसतो. लांडगा, खोकड, धाविक पक्षी यांना मात्र कुंपण कळत नाही, त्यांचा वावर आसपासच्या गायरानांत आणि धनगरांच्या वाड्यांभोवती. गंमत अशी, की याच माळांवर वर्षानुवर्षं वनीकरणाच्या नावाने गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली गेली. माझ्या मते यापेक्षा नांगर बरा. त्याने निदान पीक तरी येतं. दाट सावलीत पवन्या-मारवेलसारखं गवत टिकत नाही, आणि मोकळ्या जमिनीवर घरटं करणाऱ्या धाविकाला तिथे जागाच उरत नाही. पावसाळ्यात रोपं घेऊन माळावर निघणाऱ्या उत्साही मंडळींनी खड्डे घेण्याआधी कोणा मेंढपाळाला विचारावं. कुठलं गवत कधी येतं आणि कोणत्या उतारावर टिकतं, हे त्याला तोंडपाठ असतं.