लेदरहेडचा ख्रिस केली

इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये ब्याण्णव संघ असत आणि त्यांच्या हद्दीबाहेर असलेल्या शेकडो संघांना, त्यांचा खेळ कितीही तेजस्वी असला तरी, केवळ गुणांच्या बळावर आत शिरण्याची सनद १९८७ सालापर्यंत नव्हती. तळाच्या चार संघांना दरवर्षी पुन्हा मत मागावे लागे आणि बाहेरच्या एखाद्या संघाला त्यांच्याहून अधिक मते पडली, तरच तो आत येई. १९७२ साली हेरफर्डला अशी मते पडली, ती न्यूकॅसलला एफ. ए. चषकात हरवल्यामुळे त्याचा लौकिक देशभर पसरला होता म्हणून. त्यामुळे बाहेरच्या मुलखातील आघाडीपटूला आपले कर्तृत्व मोठ्या दरबारात रुजू करण्याचे ठिकाण एकच उरे, आणि ते म्हणजे हा चषक. सरे परगण्यातील लेदरहेड या लहानशा गावाच्या संघातून खेळणाऱ्या ख्रिस केलीच्या अल्पकालीन कीर्तीचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

१९७४ साली हौशी आणि व्यावसायिक खेळाडू हा जुना भेद फुटबॉल असोसिएशनने आपल्या दप्तरातून काढून टाकला आणि हौशी संघांचा चषक त्या वर्षी शेवटचा खेळला गेला. तो जिंकणाऱ्या बिशप्स स्टॉर्टफर्डला त्याच वर्षी एफ. ए. चषकाच्या पहिल्या फेरीत लेदरहेडनेच नमवले. दुसऱ्या फेरीत त्यांनी लीगमधील कोलचेस्टरवर १-० अशी मात केली.

या सुमारास केली बोलू लागला. आपण गोल करणार आणि अमुक संघाला धूळ चारणार, असे तो सामन्याआधीच निःशंकपणे जाहीर करी. वृत्तपत्रांनी त्याची तुलना मुहंमद अलीशी करून त्याला ‘लेदरहेड लिप’ हे नाव बहाल केले. पुष्कळांना त्यात उद्धटपणा दिसला. मला त्यात एका उपेक्षित संघाची कैफियत दिसते. दिवसभर नोकरी करून सायंकाळी सराव करणाऱ्या खेळाडूंच्या मनातील दडपण या माणसाने आपल्या एकट्याच्या शिरावर घेतले. ४ जानेवारी १९७५ रोजी तिसऱ्या फेरीत ब्रायटनच्या मैदानावर त्याने सामन्यातील एकमेव गोल केला, तेव्हा त्या वल्गना वल्गना उरल्या नाहीत.

चौथ्या फेरीत पहिल्या श्रेणीतील लेस्टर सिटीशी गाठ पडली. सामना लेदरहेडच्या फेचम ग्रोव्ह मैदानावर व्हायचा होता, पण तो लेस्टरच्या फिल्बर्ट स्ट्रीटवर हलवण्यात आला आणि २५ जानेवारी रोजी तीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, ज्या संघात फ्रँक वर्थिंग्टन आणि कीथ वेलर यांच्यासारखे नामांकित खेळाडू होते त्या संघाविरुद्ध, मॅकगिलिकडीने पहिला आणि केलीने दुसरा गोल केला. मध्यंतराला लेदरहेड २-० असे पुढे होते. उत्तरार्धात केली गोलरक्षक वॉलिंग्टनला चुकवून पुढे गेला आणि त्याने चेंडू रिकाम्या गोलाकडे ढकलला. तोच माल्कम मन्रोने मागे धावत येऊन तो गोलरेषेवरून परतवला. हा प्रसंग केलीने दवडलेली संधी म्हणून सांगण्याचा शिरस्ता पडला आहे आणि तो मला अन्यायाचा वाटतो, कारण आघाडीपटूने करायचे ते सारे त्याने केले होते. श्रेय मन्रोच्या धावेचे आहे. त्यानंतर, रोज सराव करणाऱ्यांचा दम आणि सायंकाळी सराव करणाऱ्यांचा दम यांतील अंतर उघड होत गेले, सॅमल्स, अर्ल आणि वेलर यांनी गोल केले आणि लेस्टर ३-२ असे जिंकले.

त्याच दिवशी लीगबाहेरच्या विंबल्डनने लीड्सला त्यांच्याच मैदानावर ०-० असे रोखले, विंबल्डनच्या डिकी गायने पेनल्टी अडवली आणि पुढे १९७७ साली मतदानाने विंबल्डनला लीगमध्ये जागा मिळाली. लेदरहेडला ती कधी मिळाली नाही. केली मात्र मिलवॉलकडे गेला; तेथे त्याला मोजकेच सामने लाभले आणि तो लीगबाहेरच्या फुटबॉलमध्ये परतला. व्यावसायिक खेळाची ज्याला कोवळ्या वयातच तालीम मिळाली नाही, त्याला तारुण्याच्या मध्यावर ती शिकायला सांगणे, आणि तेही थोड्या अवधीत, ही परीक्षा कठोर होती. लेदरहेडच्या संघाने १९७८ साली लीगबाहेरच्या संघांसाठीच्या एफ. ए. ट्रॉफीच्या अंतिम सामन्यासाठी वेम्बलीपर्यंत मजल मारली. तेथे ऑल्ट्रिंगमने त्यांना ३-१ असे हरवले.