संकल्पना-अल्बम : ध्वनिमुद्रिकेवरील आख्यान

प्रस्तावना :
‘अल्बम’ हा शब्द आपल्याकडे आठ-दहा गाण्यांच्या संग्रहापुरता वापरला जातो. संकल्पना-अल्बममध्ये मात्र सर्व गाणी एकाच कथासूत्रात ओवलेली असतात आणि त्यांचा क्रम हा अर्थाचाच भाग असतो. मराठवाड्यातील श्रोत्याला ही कल्पना परकी वाटू नये. संबळ-तुणतुण्याच्या साथीने मुख्य गोंधळी आख्यान लावतो, साथीदार मध्येच प्रश्न विचारतो आणि गद्य-पद्याच्या मिश्रणातून कथा रात्रभर पुढे सरकते. परभणी परिसरात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या रचनेचे मर्म सहज उमगेल.

आख्यान आणि तबकडी :
अडचण होती ती तबकडीची. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. त्यामुळे पोवाडाही ‘भाग पहिला’, ‘भाग दुसरा’ असा चिरून मुद्रित करावा लागे; गोंधळाची तर गोष्टच सोडा. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ ध्वनिमुद्रिका आणली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली, आणि कथेला पुरेशी जागा मिळाली.

मराठीतील या प्रकारचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून ‘गीतरामायणा’कडे पाहता येते. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये दर आठवड्याला प्रसारित झाली. आकाशवाणीवर पात्रानुरूप गायक होते. पुढे दीर्घ ध्वनिमुद्रिकांवर मात्र फडके यांचा एकच आवाज आला आणि रचना नाट्याकडून कीर्तनाकडे झुकली, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कुश-लव रामासमोर गातात, हा आरंभ. वाल्मीकी त्यांना गाण्यास सांगतात, हा शेवट. म्हणजे शेवटचे गीत घटनाक्रमात पहिल्याच्या आधीचे आहे. सुटी गीते ऐकणाऱ्यास हे वर्तुळ दिसतच नाही.

एका हजार पौंडांची कथा :
ब्रिटनमधील ‘द स्ट्रीट्स’ म्हणजे प्रामुख्याने माइक स्किनर. त्याचा ‘अ ग्रँड डोन्ट कम फॉर फ्री’ हा अल्बम २००४ मध्ये निघाला. विनाइलवर तो दोन तबकड्यांचा आहे. ‘ग्रँड’ म्हणजे बोलीभाषेत हजार पौंड. लंडनच्या अनधिकृत रेडिओ केंद्रांवर वाढलेले गॅरेज संगीत जलद, पण काही ठोके मुद्दाम गाळणारे. त्या मोकळ्या जागेत स्किनर हिप-हॉपच्या रीतीने, जवळजवळ बोलल्यासारखा, कथा सांगतो. नायक साठवलेले हजार पौंड गमावतो, सिमोन नावाच्या मुलीच्या प्रेमात पडतो, फुटबॉलवर पैज लावतो, भांडतो, एकटा पडतो. नायक सामान्य, त्याची भाषाही रस्त्यावरची, प्रसंगी शिवराळ. शेवटच्या ‘एम्प्टी कॅन्स’ या गाण्याला दोन शेवट आहेत. पहिल्यात संशय आणि मारामारी होते. मग ध्वनिफीत मागे फिरविल्यासारखा आवाज येतो आणि कथा पुन्हा घडते. या वेळी तो मित्राची मदत स्वीकारतो आणि पैसे दूरदर्शन संचाच्या मागेच सापडतात.

अभ्यासक्रमात अशी रचना ‘पाठ्य’ म्हणून घ्यावी का, हा प्रश्न गैरलागू नाही. याच अल्बममधील ‘ड्राय युअर आइज’ हे गीत ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर पोहोचले होते. ते मी वर्गात सुटे ऐकविले, तेव्हा विद्यार्थ्यांना ते एक साधे विरहगीत वाटले. पुढच्या वेळी आरंभापासून क्रमाने ऐकविले. तासिका ४८ मिनिटांची, अल्बम सुमारे पन्नास मिनिटांचा. त्यात हजेरीही घ्यावयाची होती. शेवटचे गाणे अर्ध्यावर राहिले. त्या दिवशी चार-पाच विद्यार्थी विभागात आले आणि पैसे कोणी घेतले, असे विचारू लागले.